घरबसल्या मुलूख

माझ्या वडिलांना गाडी लागायची. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत सालेकशाला पोचेपर्यंत त्यांनी तीनदा बस थांबवली होती, आणि तिसऱ्या वेळी बाशिंग कुणाच्या तरी हातात देऊन रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते, ही गोष्ट आमच्याकडे दर लग्नसराईत सांगितली जायची. सांगणारे तेच असायचे. आपल्या कमजोरीवर ते आधी स्वतः हसायचे आणि बाकीच्यांचं हसून झालं, की सावकाश त्या कमजोरीचं तत्त्वज्ञान करायचे. “माणसानं कायले फिरावं?” ते म्हणायचे. “पोट बिघडवा, परक्याच्या गादीवर झोपा, अना घरी येऊन आठ दिवस तेच ते सांगत बसा. त्यापेक्षा परक्यालेच घरी बोलवा. तो आपला मुलूख संगं घेऊन येते.” ऐकणाऱ्याला हे फार पटायचं. लहानपणी मलाही पटायचं. पुढे पुढे हेच वाक्य त्यांनी सुरू केलं, की मी उठून मागच्या अंगणात जायची आणि विहिरीवर उगाच एक बादली ओढायची, नुसता रहाटाचा आवाज व्हावा म्हणून.

आम्ही त्यांना बाबूजी म्हणायचो. ते इटियाडोहच्या धरणावर कालवा निरीक्षक होते. पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत आमचं शेवटचं क्वार्टर. दोन खोल्या, सैपाकघर, पुढे लांबलचक ओसरी. धानाला पाणी सोडायचे दिवस आले, की कालव्याचा आवाज रात्रंदिवस भिंतीत भरून राहायचा. पाणी बंद झालं, की पहिले दोन दिवस कान रिकामे वाटायचे. बाबूजींचं काम सायकलवर. वीस-वीस किलोमीटर कालव्याच्या काठाने ते जायचे, पण तो त्यांच्या लेखी प्रवास नव्हता, ती ड्युटी होती. ड्युटी संपली, की लुंगी लावून ओसरीवरच्या बाजेवर बसायचे आणि आज कोण येणार याची वाट पाहायचे.

आणि यायची माणसं. आमचा भागच तसा होता. एका अंगाला तिबेटी लोकांची वसाहत, एका अंगाला बंगाली निर्वासितांचा कॅम्प, मधे गोंडांची गावं, धरणाच्या कामावर आलेले छत्तीसगढी, दवाखान्यात केरळची नर्सबाई. बाबूजी कालव्यावर फिरताना यांतल्या कुणालाही थांबवून सरळ म्हणायचे, “आइतवारी घरी या. तुमच्याकडे करतात तसं काहीतरी करू.” तेन्झिन नावाचा तिबेटी माणूस हिवाळ्यात नागपूरला स्वेटर विकून परतला, की आमच्या चुलीवर खारट लोण्याचा चहा करायचा, बाबूजी तो दोन कप प्यायचे आणि आम्हालाही पाजायचे. नर्सबाईने बांबूच्या नळीत तांदळाचं पीठ आणि खोबरं उकडून घातलं होतं, त्या नळीसाठी बाबूजींनी स्वतः बांबू तासला होता. ते खोटं करत नव्हते, हे मला आज लिहून ठेवलंच पाहिजे. समोरचा बोलू लागला, की त्यांचे डोळे खरोखर चमकायचे. “अच्छा! मंग पुढे?” म्हणायचे, मांडीवर थाप मारायचे. पाहुण्याला वाटायचं, आपलं गाव इतकं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं.

फक्त हे सगळं मायच्या सैपाकघरात व्हायचं. माझी माय सालेकशाकडची, जंगलाच्या काठची, बोलायला कमी. कोणी आलं, की पाट्यावर वाटण तिनेच वाटायचं, कढई तिनेच घासायची. तिबेटी चहाचा वास भांड्यांना आठवडाभर राहायचा. ती राखेने घासघासून हात खरबरीत करून घ्यायची. तिला स्वतःला लाखोरीची डाळ आणि भात पुरायचा. माहेरी जायचं म्हटलं, की बाबूजी म्हणायचे, “तुझ्या मायबापालेच बोलावून घे, महिनाभर राहू दे.” आजा-आजी यायचे, महिनाभर राहायचे, बाबूजी त्यांची सेवा करायचे, यात काही खोट नव्हती. पण मायने माहेरच्या अंगणातला मोह बहरलेला किती वर्षांत पाहिला नव्हता, हे मी एकदा बोटांवर मोजलं आणि दुसऱ्या हाताची बोटं लागली. मी तिला म्हटलं, “तू एकटी काऊन नाही जात?” ती म्हणाली, “अव, घरी कोन कोन येऊन राहते. मी गेली तं त्यायले करून कोन घालंल?”

मी नववीत असताना शाळेची सहल जगन्नाथपुरीला निघाली. वर्गातल्या बहुतेक मुली जाणार होत्या. मी समुद्र पाहिलेला नव्हता. भूगोलाच्या पुस्तकात निळ्या रंगाचा तुकडा होता तेवढाच माझा समुद्र. बाबूजींनी परवानगीच्या कागदावर सही केली नाही. रागावलेही नाहीत, तेच जास्त लागलं. मला सायकलवर बसवून धरणाच्या भिंतीवर घेऊन गेले. वारा होता, पाण्यावर लाटा उठत होत्या, पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. “पाह्य,” ते म्हणाले, “याच्यात मीठ टाकलं का झाला समुद्र.” आणि हसले. पुढच्या रविवारी त्यांनी रस्त्याच्या कामावरचा एक ओडिया सैपाकी शोधून आणला. त्याने भाज्या घातलेली डाळ केली, रथ कसा ओढतात ते हातवारे करून दाखवलं. माझ्या ताटात ती डाळ होती. चांगली होती. मी एक घास खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून रडले. बाबूजींना खरंच कळलं नाही मी का रडते. “आता आनखीन का पायजे हिले?” असं ते मायला विचारत होते, अगदी दुखावल्या आवाजात.

आता माझी नात गोंदियाच्या घरात सोफ्यावर मांडी घालून कोरियातल्या बाया काय रांधतात ते मोबाइलवर पाहते, आणि तसलेच तिखट शेवयांचे वाडगे पार्सल मागवते. मागच्या आठवड्यात जावई कौतुकाने म्हणाले, “आई, आता कुठं जायची गरजच काय? सगळं जग तर घरी येऊन राहिलं आहे.” मी एकदम इतकी चिडले, की मुलगी घाबरली, आईचं बीपी वाढलं म्हणून गोळी शोधायला लागली. मी कशाला चिडले ते मला सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्याकडे येणाऱ्यांत सगळ्यांत जुनी होती मासी, बंगालीत मावशी. बंगाली कॅम्पात राहायची, तिचा नवरा धरणात मासे धरायचा. नाव शेफाली, पण ते नाव मला फार उशिरा कळलं. दर रविवारी सकाळी ती नऊ किलोमीटर चालत यायची, डोक्यावर मासळीची पाटी, मागे तिची मुलगी माधवी. मासळी विकून झाली, की आमच्या क्वार्टरात थांबायची. पहिल्यांदा बाबूजींनीच तिला थांबवलं होतं: “तुमच्याकडे मासोळी कशी करतात, करून दाखवा.” तिने मोहरी आणि हिरवी मिरची वाटून रोहू केला, आणि बाबूजींनी त्या दिवशी जाहीर केलं, की आजवर आपण मासोळी खाल्लीच नव्हती. तेव्हापासून आठ वर्षं, दर रविवारी. मासी बाबूजींना दादा म्हणायची, मायला दीदी. एका कोजागिरीच्या दुपारी बाबूजींना त्यांची लक्ष्मीपूजेची रांगोळी पाहायची होती, म्हणून तिने तांदळाच्या पिठाच्या पाण्यात चिंधी बुडवून आमच्या ओसरीभर कणसं आणि लक्ष्मीची पावलं काढली. संध्याकाळ व्हायच्या आत तिला घरी जाऊन तेच सगळं आपल्या दारात काढायचं होतं. ती जवळजवळ पळतच गेली. बाबूजी मात्र शेजाऱ्यांना बोलावून रांगोळी दाखवत होते.

माधवी माझ्याच वयाची. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून जवसाची चटणी आणि कच्च्या चिंचा खायचो. ती नेहमी म्हणायची, “तू आमच्या घरी ये ना. आमच्या मागे तळं आहे.” मी दर वेळी बाबूजींना विचारायची, दर वेळी ते म्हणायचे, “ती येतेच ना इकडं.” कॅम्पापर्यंत गाडी लागण्याचा प्रश्न नव्हता. सायकलचा रस्ता, बाबूजी रोज त्याच्या दुप्पट सायकल मारायचे. मी हे त्यांना एकदा तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, “दुसऱ्याच्या घरी गेलं का माणूस पाहुना होते. पाहुन्याले खरं काही दिसत नाही. घरी आलेला मानूस मोकळा होते.” हे उत्तर त्यांनी तेव्हाच तयार केलं होतं अशी माझी खात्री आहे.

मी अकरावीत होते तेव्हा माधवीचं लग्न ठरलं. मुलगा गडचिरोलीकडच्या बंगाली वसाहतीतला. मासी आणि तिचा नवरा दोघंही आमंत्रण द्यायला आले, नवरा पहिल्यांदाच. तो ओसरीच्या खालीच उभा होता. बाबूजींनी हाताला धरून त्याला बाजेवर बसवलं. मासीने हळद लावलेली सुपारी मायच्या ओटीत घातली आणि मग बाबूजींकडे वळली.

“दादा, मेरा भाई उधर ही रह गया, बॉर्डर के उस पार,” ती म्हणाली. “शादी में लड़की का मामा चाहिए. बारात आएगी तो दरवाजे पे कोई बड़ा आदमी खड़ा चाहिए हमारी तरफ से. आप खड़े रहेंगे?”

बाबूजींचे डोळे भरून आले. मी पाहिलं. “माधवी माझीच पोरगी आहे,” ते म्हणाले. “मी येतो. वचन देतो.” मासी वाकून त्यांच्या पाया पडली. ती गेल्यावर माय सैपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत. “खरंच जाता?” तिने विचारलं. “म्हंजे का?” बाबूजी म्हणाले. “खोटं बोलतो का मी?”

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मायने आदल्या दिवशी ट्रंक उघडून आपलं हिरवं लुगडं काढलं, बाबूजींचा पांढरा सदरा धुऊन लोट्यात निखारे घालून इस्तरी केला. दुपारी दोनची बस होती. बाबूजी सायकलने पुढे जाणार, आम्ही दोघी बसने. एक वाजता ते सदरा घालून ओसरीवर बसले. दीड वाजता उठून पाणी प्यायले. मग पुन्हा बसले, आणि त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली. तेव्हाच मला कळलं.

“पोट जड वाटून राहिलं,” ते म्हणाले.

मायने वहाणा पायात सरकवल्या.

“असं करू,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तो नेहमीचा उत्साह यायला लागला, “परवा नवरानवरीलेच इकडं बोलावू. वऱ्हाडासंगट. मी कोंबडं आनतो. त्यायची पद्धत का आहे ते सारं इथंच करू, ओसरीवर. गर्दीत का दिसते माणसाले? इथं निवांत...”

“तुमी मामा होनार होते,” माय म्हणाली.

“मामा का दारात उभं राहिल्यानंच होते का?”

मायने लुगड्याचा पदर खोचला, माधवीसाठी घेतलेल्या पाटल्यांची पुडी कंबरेला बांधली आणि माझ्याकडे पाहिलं. “चाल व निमा,” ती म्हणाली. बाबूजींना वाटलं ती नुसती रागात अंगणापर्यंत जाते आहे. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा ते मागून म्हणाले, “अव, अन् संध्याकाळच्या जेवनाचं?” माय थांबली नाही. बसमध्ये चढताना तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की वळ उठले. तिकीट मीच मागितलं. आयुष्यात ती पहिल्यांदा नवऱ्याशिवाय आणि बापाशिवाय कुठे निघाली होती, आणि तेही नऊ किलोमीटर.

कॅम्पाच्या मोडीवर, म्हणजे रस्ता आत वळतो तिथे, एक पानठेला होता. तिथे उतरून आत गल्लीने गेलं, की पाचवं-सहावं घर मासीचं. कुडाच्या भिंती, पण शाडूने अशा सारवलेल्या, की हात लावून डाग पाडू नये असं वाटावं. दारात केळीचे खांब, पाण्याचे घडे, आणि त्यांच्या बाजूला एक खुर्ची. लाकडी, हातांची, कुणाकडून तरी मागून आणलेली. तिच्यावर इस्तरी केलेली पांढरी चादर अंथरली होती. मासी धावत आली, मायला मिठी मारली, आणि मायच्या खांद्यावरून आमच्या मागे रस्त्याकडे पाहिलं. “दादा?” मायने मान खाली घातली. “तब्येत,” ती म्हणाली. मासीने पुन्हा विचारलं नाही. ती म्हणाली, “अच्छा अच्छा, आओ दीदी,” आणि आम्हाला आत नेलं. पण शेजारची एक म्हातारी होती, ती मोठ्याने मराठीतच म्हणाली, आम्हाला कळावं म्हणून: “साहेबाले आमच्या घरचं पाणी चालत नसंल.” माझ्या कानशिलांवर कुणी तरी निखारे ठेवल्यासारखं झालं. मायने न मागता कोपऱ्यातल्या माठातून स्वतःच पेलाभर पाणी घेतलं आणि त्या बाईसमोर उभी राहून ते सगळं प्यायली.

मग आम्ही आतल्या खोलीत बसलो. मायला काम न करता बसता येईना. ती दोनदा उठली, विळीकडे गेली; मासीने दोन्ही वेळा तिचे खांदे धरून तिला खाली बसवलं. “आज नहीं दीदी. आज आप मेरे घर में हो.” पुऱ्या आल्या, वांग्याची भाजी, नारळाचे लाडू. माय लाडू हातात धरून बसली होती. तिला आजवर कुणी कधी वाढलंच नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण. तिची नजर समोरच्या भिंतीवर होती. तिथे एका मुलीची तसबीर होती, दोन वेण्या, डोळे माधवीचे, पण माधवी नव्हे. तसबिरीला हार होता.

“हे कोन?” मायने विचारलं.

“मेरी बड़ी बेटी,” मासी म्हणाली. “कल्याणी. पहले वाले कैंप में बुखार आया था. ग्यारह साल की थी.” मग पदराने तसबिरीची काच पुसली, आणि बाहेर कुणी तरी हाक मारली म्हणून गेली.

माय तशीच बसून राहिली. मी हिशोब करत होते: आठ वर्षं, दर रविवारी. मोहरी किती वाटायची, मासोळीला हळद कधी लावायची, नदीच्या मासोळीत आणि धरणाच्या मासोळीत फरक काय, तुमच्याकडे पूर आला की लोक काय खातात. एवढं सगळं आमच्या ओसरीवर बोलून झालं होतं. मासीची मुलं किती, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. माधवीसोबत पायरीवर बसून चिंचा खाताना मी तिला कधी विचारलं नव्हतं, की तुला बहीण आहे का.

संध्याकाळी वरात आली. बायांनी जिभेने तो उलूचा आवाज काढला, शंख वाजला. दारात मासीचा नवरा आणि ती खुर्ची. खुर्चीत कुणी बसायचं म्हणून दोन म्हातारे एकमेकांकडे पाहत होते. शेवटी मासीच्या नवऱ्याने चादर काढून घडी केली, खुर्ची भिंतीकडे सरकवली, आणि सगळे उभेच राहिले. वरपक्षातल्या एकाने विचारलं, मुलीचे मामा कुठायत. मासीच्या नवऱ्याने बंगालीत काहीतरी उत्तर दिलं. ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे बरंच झालं. पांढऱ्या मुकुटाखाली माधवी इतकी सुंदर दिसत होती. तिने मला पाहिलं, हसली, आणि मग तिचीही नजर माझ्या मागे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही परतलो. बाबूजी ओसरीवर होते. रात्री त्यांनी काही खाल्लं नसावं, चूल थंड होती. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उजळला. ते बाजेवर सरकून बसले, आम्हाला जागा करून दिली. “हं, सांगा आता,” ते म्हणाले. “का का केलं होतं जेवायले?”

मी मायला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही ती ओरडली नाही. ती पायरीवरच उभी राहिली. “तिले एक मोठी पोरगी होती,” ती म्हणाली. “कल्यानी. मेली. तुमाले मालूम होतं?”

बाबूजी बाजेवरून उठले. “नाही,” ते म्हणाले. “तिनं कधी सांगितलंच नाही.”

“तुमी कधी इचारलं? तुमी मसाला इचारला.”

आणि ती आत गेली. नवरानवरीला बोलावण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पुढच्या रविवारी मासी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मासळी घेऊन तिचा नवरा यायचा, वसाहतीच्या दुसऱ्या टोकापासून विकत यायचा, आणि आमच्या क्वार्टराच्या अलीकडून वळायचा. बाबूजी ओसरीवरून त्याला हाक मारायचे. तो हात जोडून लांबूनच नमस्कार करायचा. भांडण नव्हतं, शब्द नव्हता, धरायला काहीच नव्हतं. बाबूजी अस्वस्थ झाले. कॅम्पाकडच्या कालव्यावर जाणाऱ्या मजुराजवळ दोनदा निरोप पाठवला. तेन्झिन आला, चहा झाला, पण बाबूजींनी मांडीवर थाप मारली नाही. मायही बदलली. त्या वर्षी ती मला घेऊन सालेकशाला गेली, आधी सांगितलं, विचारलं नाही. बाबूजींनी अडवलं नाही. त्यानंतर ती दरवर्षी जायची, आणि मासीकडेही जायची, बसने, एकटी. बाबूजींच्या हयातीत आणि नंतरही. ती परतली, की बाबूजी विचारायचे नाहीत आणि ती सांगायची नाही. लोक म्हणतात, माय कशी मोकळी झाली बघ. हो, झाली. पण मला त्या वर्षांचा अजून राग येतो. दोघं एका ओसरीवर बसायची, एकाने जायचं, दुसऱ्याने थांबायचं, आणि मधे नऊ किलोमीटर पडलेले असायचे.

बाबूजी एकदा मात्र निघाले होते. ते मी पाहिलं आहे, आणि आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही, म्हणून तेवढं सांगून संपवते.

त्या वर्षी दिवाळीनंतर धान कापणीला आला होता, कालवा बंद होता. सकाळी बाबूजींनी सायकल पुसली आणि मला म्हणाले, “चाल, कॅम्पावर जाऊ.” मी दोनदा विचारलं, “खरंच?” त्यांनी सायकल फाटकाबाहेर काढली. मी कॅरिअरवर बसले. त्यांचा सदरा पाठीवर घामाने चिकटला होता, ऊन तितकं नसूनही. मोडीवरच्या पानठेल्यापाशी ते उतरले. सायकल स्टँडवर लावली. समोर गल्ली दिसत होती, पाचवं-सहावं घरही दिसत होतं.

“जा,” ते म्हणाले. “मासीले बोलावून आन.”

“इथं?” मी म्हटलं. “बाबूजी, घर ते काय.”

“बोलावून तं आन.”

मी गेले. मासी मागच्या तळ्यावर भांडी घासत होती. मला पाहून हात धुतले, माझा गाल कुरवाळला. “दादा आए?” तिने विचारलं. मी सांगितलं, मोडीवर उभे आहेत. तिने हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. मग आत गेली, चुलीवर चहा ठेवला, तिच्याकडची एकुलती एक कपबशी काढून पुसली, कपावर बशी झाकली आणि तो चहा दोन्ही हातांनी धरून गल्लीतून चालत मोडीपर्यंत गेली. मी मागे. आजूबाजूच्या घरांतून बाया पाहत होत्या.

बाबूजींनी हात जोडले. तिने कप त्यांच्या हातात दिला. ते रस्त्यावर उभ्या-उभ्या चहा प्यायला लागले.

“लय वाईट झालं,” ते शेवटी म्हणाले. “कल्याणीचं. मले मालूम नव्हतं.”

“हाँ दादा.”

“आइतवारी या ना तुमी. घर सुनं सुनं वाटते.”

मासी म्हणाली, “मैं आठ साल आई, दादा.” आवाज चढलेला नव्हता. “घर वो रहा. उसका फोटो भी उधर है. चलिए.”

बाबूजींनी गल्लीकडे पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मनातल्या मनात त्यांना ढकलत होते, खरोखर ढकलत होते, जसं खचलेल्या बैलाला मागून रेटतात तसं. त्यांनी एक पाय उचललाही. मग कपाकडे पाहिलं. “इथंच बरं आहे,” ते म्हणाले.

मासीने चहा संपेपर्यंत वाट पाहिली. कप घेतला, नमस्कार केला, आणि परत निघाली. बाबूजींनी सायकल स्टँडवरून काढली. मी कॅरिअरवर बसले नाही. मी मासीच्या मागे गल्लीत गेले, तिच्या घरात गेले, आणि तिथे बसले. तिने मला आंबवलेला भात आणि कांदा दिला, तो त्यांचा रोजचा दुपारचा घास होता, आमच्या ओसरीवर तो तिने कधी केला नव्हता. ती कल्याणीबद्दल बोलली, मी ऐकलं. काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. ते मला मिळालं ते तिथे जाऊन बसल्यामुळे, आणि तिने ते माझ्यापुरतंच सांगितलं.

ऊन कलल्यावर मी बाहेर आले. मला वाटलं होतं बाबूजी निघून गेले असतील. ते तिथेच होते, पानठेल्याच्या सावलीत, सायकलचं हँडल धरून उभे. एवढा वेळ बसलेही नव्हते. मला पाहून त्यांनी विचारलं, “माझ्याबद्दल काही म्हनली का?”

“तुमीच जाऊन इचारा,” मी म्हटलं.

त्यांनी सायकल धरणाच्या दिशेला वळवली आणि मी बसावं म्हणून थांबले. मी बसले नाही. मी चालायला लागले. त्यांनी दोनदा घंटी वाजवली, मी मागे वळले नाही. मग घंटी थांबली. नऊ किलोमीटर मी पायी आले, आणि ते सायकलवर न बसता, सायकल हाताने ढकलत, माझ्या दहा पावलं मागून चालत आले.